कापड कंपनीचे, ऐट आपली!

पुरुषमाणसे कपड्यांविषयी बोलत नाहीत, असा एक समज घरोघरी रूढ आहे. बायका काठापदराविषयी तास न् तास बोलतात आणि पुरुष हाताला लागेल तो सदरा अंगात अडकवून राजकारणाकडे वळतात, असे आमच्या घरीही धरून चालतात. मी या समजाला आजवर धक्का लावलेला नाही. तो असण्यात सोय आहे. परंतु खरा प्रकार ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी चिंचवडगावात यावे. चाफेकर चौकापासून मोरया गोसावींच्या देवळाकडे जाताना एका बोळात शिंप्याचे जुने दुकान आहे. दोन यंत्रे, कापड कापावयाचे एक टेबल आणि दारात एक लाकडी बाक. निरनिराळ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आम्ही पाचसहाजण त्या बाकावर बसतो, आणि एखाद्या पँटच्या मोहरीवर, बरे का, पाऊण तास सहज काढतो.

आमच्यातले नाना आयुष्यभर टूलरूममध्ये होते. ज्यांचा कारखान्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, टूलरूम म्हणजे कारखान्यातले सोनारकाम. एका मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यांतल्या एका भागासाठी भांडावयाची तिथल्या माणसाला सवय असते. अण्णा पेंटशॉपचे. मी टाइम ऑफिसातला. १९७७ पासून पस्तीस वर्षे मी फाटकाशी बसून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या माणसांची नोंद ठेवली. तिथे एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे माणसाचे नाव आणि चेहरा यांच्याआधी त्याचा पोशाख लक्षात राहतो. दुकानाच्या मालकांना सारे ‘मास्तर’ म्हणतात. ते फार बोलत नाहीत, कारण बहुधा त्यांच्या तोंडात टाचण्या असतात.

यंत्रशास्त्रात दांडा आणि भोक यांचे नाते अगोदर ठरवून टाकलेले असते. दांडा भोकात सैल फिरावा, बेताने सरकावा, की ठोकून बसवावा, त्याप्रमाणे दोहोंच्या मापांत किती फरक ठेवावयाचा याची कोष्टके आहेत. नानांनी ही सारी कोष्टके पँटच्या कमरेला लावली आहेत. “मास्तर, कंबर एच-सात जी-सहा झाली पाहिजे,” असे ते सांगतात. म्हणजे बेताने सरकणारी, पण न डुगडुगणारी. दिवाळीच्या फराळानंतर तीच कंबर ठोकून बसवावी लागली तर तो दोष शिंप्याचा नव्हे, हेही ते मोठ्या मनाने मान्य करतात. गंमत अशी की मास्तरांना हे सारे समजते! चाळीस वर्षे त्यांनी फिटर, टर्नर आणि ड्राफ्ट्समन यांच्या पँटी शिवल्या आहेत. पुण्यात लक्ष्मी रोडवर असली भाषा तुम्हांला ऐकू यावयाची नाही.

याला कारण आमचे गाव. गाव म्हणतो खरे. पण १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला तेव्हा आजूबाजूला शेतेच होती. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी आल्या, टेल्को आली, आणि त्यांच्या आधाराने लहानमोठी शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मावळातून, खेडमधून, सातारा-सोलापूरकडून जी माणसे इथे कामाला आली, त्यांतल्या पुष्कळांचे वडील धोतर नेसणारे. म्हणजे एका पिढीत धोतराची पँट झाली. ही उडी वाटते तेवढी लहान नाही. धोतराला माप नसते. जाड, बारीक, म्हातारा, तरुण, सगळ्यांना ते सारखेच सांभाळून घेते. पँट शिवावयाची म्हणजे परक्या माणसापुढे हात वर करून उभे राहावे लागते. मास्तर सांगतात, पहिल्यांदा माप द्यावयास आलेली माणसे फोटो काढावयास आल्यासारखी श्वास रोखून उभी राहत, आणि मग पँट पोटाला घट्ट होई! शेवटी मास्तरांनी एक युक्ती काढली. कमरेला टेप लावला की ते विचारीत, “काय, यंदा पाऊस कसा आहे तुमच्याकडे?” माणूस पावसाचे सांगू लागला की पोट आपोआप खरे माप देई.

कापड मात्र पिंपरी कॅम्पातले. फाळणीनंतर तिथे येऊन वसलेल्या सिंधी मंडळींनी शून्यातून बाजारपेठ उभी केली, आणि कारखान्यांचा बोनस वाटला गेला की शगुन चौकात आजही पाय ठेवावयास जागा मिळत नाही. त्या बाजाराचे एके काळचे दैवत म्हणजे टेरिकॉट. व्हिनफील्ड आणि डिक्सन या मँचेस्टरच्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली टेरिलीनचा धागा शोधून काढला. पुढे सुताशी त्याची सोयरीक जुळली आणि टेरिकॉट जन्मास आले. खळ नको, नीळ नको, इस्त्री नाममात्र. रात्री धुऊन टाकलेला शर्ट सकाळच्या पाळीला हजर! खोलीवर एकटे राहणाऱ्या कामगाराला आणखी काय हवे? मे महिन्यात तेच कापड अंगावर तव्यासारखे तापे, ही गोष्ट निराळी. वेल्डिंगच्या खात्यात मात्र त्याला मज्जाव. ठिणगी पडली तर सुती कापड जळते. टेरिलीन वितळून कातडीला चिकटते. म्हणून आमच्याकडचे वेल्डर टेरिकॉटमध्ये झोकात येत, आत जाऊन जाडेभरडे सुती चढवीत, आणि पाळी संपली की पुन्हा झोकात बाहेर पडत.

मी नोकरीस लागलो तेव्हा बेलबॉटमचा अंमल होता. चोवीस-चोवीस इंचांच्या मोहऱ्या! फाटकातून पाळी सुटली की रस्ता आपोआप झाडला जाई. या मोहऱ्यांचे हाडवैर एकाच माणसाशी होते, तो म्हणजे सेफ्टी ऑफिसर. चालत्या यंत्राजवळ तेल घालणे, पट्टा सरकवणे असली कामे खास शिकवलेल्या माणसानेच करावी, त्याने अंगाबरोबर बसणारे तंग कपडे घालावे, आणि ते कपडे मालकाने पुरवावे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात स्पष्ट लिहून ठेवले होते. सरकारने पुरुषांना तंग कपडे घालावयास सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आताच्या मुलांच्या पँटी पाहिल्या की वाटते, तो कायदा साठ वर्षे आधी जन्मला.

मुलांवरून आठवले. नानांचा नातू गुडघ्यावर फाटलेली जीन घालून बाकापाशी आला की नानांचे तोंड पाहण्यासारखे होते. वास्तविक नानांनीच तिचा अभिमान बाळगावयास हवा. जीन हा मूळचा कामगाराचाच पोशाख. अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी आणि जेकब डेव्हिस हा शिंपी या दोघांनी १८७३ साली पेटंट घेतले ते खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याची रिबिटे मारण्याचे. कारण अंगमेहनत करणाऱ्यांच्या पँटी तिथेच फाटत. रिबिट मारण्याची कल्पना शिंप्याची होती हे ऐकून मास्तरांना फार बरे वाटले. आणि कामगाराचा अंगभर ‘डंगरी’ तर आपल्या घरचा! मुंबईच्या डोंगरी भागात जे जाडेभरडे सुती कापड विकले जाई, त्याच्यावरूनच हा शब्द इंग्रजीत गेला असे सांगतात. साहेबाने तो आपल्या कोशात घातला, त्याचे कपडे शिवले, आणि शे-दीडशे वर्षांनी आपल्या कारखान्यांत आपल्यालाच परत दिला.

असो. मला सांगावयाचे आहे ते गणवेशाविषयी.

आपल्या मराठीत ‘पांढरपेशा’ असा एक शब्द आहे. तो निघाला पांढऱ्या रंगावरूनच. ज्याच्या कामाने कपडा मळत नाही तो पांढरपेशा; बाकीच्यांना असे नेमके नावसुद्धा आपण दिलेले नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला फाटकावर ही विभागणी स्वच्छ दिसे. ऑफिसची मंडळी पांढऱ्या शर्टात येत, शॉपमधली निळ्या नाहीतर खाकी कपड्यांत, आणि साहेब लोक टाय लावून. कँटीनची टेबलेसुद्धा निरनिराळी. मग जपानी कारखान्यांची हवा आली. होंडा कंपनीत थोरापासून पोरापर्यंत सगळ्यांना एकच पांढरा पोशाख असतो; डाग पडला तर तो चटकन दिसावा हा त्यातला हेतू. गुडगावला १९८३ मध्ये मारुती मोटार निघू लागली, तिथेही साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच कँटीन. ही रीत हळूहळू आमच्या पट्ट्यातही आली. ज्या दिवशी आमचे जनरल मॅनेजर माझ्यासारख्याच राखी शर्टात फाटकातून आत शिरले, त्या दिवशी पहारेकऱ्याचा हात सलामासाठी वर जावा की न जावा, या विचारात मध्येच थांबलेला मी पाहिला आहे. कुणी काही म्हणो, गेल्या पन्नास वर्षांत या गावात जे जे आले, त्यांत तो शर्ट मला फार मोलाचा वाटतो. आमच्या समाजात ज्याने त्याने आपापली पायरी अंगावर वागवावयाची हजारो वर्षांची सवय. ती एका शर्टाने निदान आठ तास तरी मोडली.

मग ऐटीचे काय? सगळ्यांचे कापड एक, रंग एक, खिशावरचे नाव एक. पण हौशी माणसाला एवढी अडचण पुरत नाही! त्या दिवसांत पुष्कळ कारखाने वर्षाला दोन जोड्यांचे कापड आणि शिलाईचे पैसे देत. एवढी फट पुरे होती. कुणी खांद्याला घडी घालून घेई, कुणी खिशाचे झाकण टोकदार करून घेई. बाही तीन घड्यांची की दोन, यावर दोन तट असत. घामाने कॉलर मळू नये म्हणून मानेशी रुमाल ठेवण्याची पद्धत होती. त्या रुमालाच्या किनारीवरूनही माणूस ओळखता येई. कॉलर झिजली की मास्तर ती उसवून उलटी बसवून देत आणि शर्टाला आणखी एक वर्ष आयुष्य मिळे. नाना टूलरूममधले असल्याने त्यांच्या पँटची इस्त्री मोजपट्टी लावून केल्यासारखी दिसे. (ती खरोखरच मोजपट्टी लावून केलेली असे, ही घरातली माहिती आहे.) आणि थंडी पडली की अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरांचा हंगाम सुरू होई. गणवेशात स्वेटर नव्हता, म्हणून त्याला मनाईही नव्हती. डिसेंबरातल्या सकाळी सातच्या पाळीला फाटकातून माणसे येत तेव्हा राखी रंगावर केवढी नक्षी फुललेली असे! केळीचे पान, वेणी, शंकरपाळे. ते प्रदर्शन नवऱ्यांच्या अंगावर असले तरी स्पर्धा बायकांची होती, आणि निकाल त्यांना घरी जाऊन सांगावा लागे.

अण्णांचे नियम याहून कडक. मोटारीच्या पेंटशॉपमध्ये सुती कपडा चालत नाही. त्याची लव उडून ओल्या रंगावर बसते. तिथे लव न सुटणाऱ्या कापडाचा अंगभर पोशाख घालावा लागतो. घड्याळ नाही, अंगठी नाही. पट्ट्याचे बक्कल झाकलेले, शर्टाची बटणे पट्टीखाली लपलेली. उघडे राहिले तर नव्या गाडीवर ओरखडा. काही सुगंधी फवाऱ्यांत आणि केसांच्या मलमांत सिलिकोन असते, ते हवेतून रंगावर गेले तर रंगाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. म्हणून तेही बंद. अण्णांनी तीस वर्षे अशी काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली खरेदी कसली केली असेल? अत्तराची कुपी आणि पितळी बटणांचा कोट! तो कोट घालून ते भाजी आणावयास जातात. त्यांना कुणी हसू नये.

पुढे शिलाईचे पैसे बंद होत गेले आणि तयार शर्ट वाटण्याची पद्धत सुरू झाली. कंपनीचा माणूस विचारतो, स्मॉल, मीडियम, लार्ज, की एक्स्ट्रा लार्ज? मास्तरांना हे अजून पटलेले नाही. “चाळीस हजार माणसं आणि मापं चार!” ते म्हणतात. एक मात्र झाले, की हे तयार शर्ट अंगाबरोबर करून घेण्यासाठी माणसे पुन्हा मास्तरांकडेच येऊ लागली. आता त्यांचे निम्मे काम उसवण्याचे आहे.

असाच एक मुलगा गेल्या श्रावणात आला. चाकणहून. जुन्या लोकांच्या डोक्यात चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार, नाहीतर फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवलेला किल्ला. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना तिकडे गेला, त्यामागून परदेशी मोटारींचे कारखाने आले, आणि आता पाळी सुटण्याच्या वेळी तळेगाव-चाकण रस्त्यावर बसगाड्यांची रांग हलत नाही. मुलगा लातूरकडचा, विशीतला. चौघांत मिळून एक खोली. त्याने पिशवीतून एक शर्ट काढून टेबलावर ठेवला.

“मास्तर, हुबेहूब असा शिवून पायजे.”

शर्ट त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा होता. जोडीदार कंपनीत कायम. हा कंत्राटदाराकडून लागलेला. दोघांच्या शर्टांचे रंग निराळे. पुष्कळ कारखान्यांत आज अशीच रीत आहे. कंत्राटी माणसाचा गणवेश कंत्राटदार पुरवतो, म्हणून रंग वेगळा, असे कारण सांगतात. कारण खोटे नाही. फाटकावर बसणाऱ्यालाही ते सोयीचे असते, हे मी स्वतः बसल्यामुळे जाणतो. पण साहेब आणि कामगार यांच्यातली जी रेघ एका शर्टाने पुसली होती, तीच थोडी खाली सरकवून पुन्हा कामगारा-कामगारांत ओढली गेली आहे, हेही तितकेच खरे. त्या रंगाचा अर्थ फाटकाबाहेर चहाच्या टपरीवाल्याला कळतो, खोलीच्या मालकाला कळतो. आणि मुलीच्या बापाला सर्वांआधी कळतो.

“फोटो काढायचाय,” मुलगा म्हणाला. “स्थळ आलंय. ते लोक पैल्यांदा हेच इचारतात, पोरगा पर्मनंट हाय का?”

बाकावर एकदम शांतता झाली. मग नाना म्हणाले, “हे बरं नाही, बाळ. उद्या कळल्यावर?” अण्णांचे मत उलट पडले. “शिवून द्या हो मास्तर. आपल्या वेळी फोटो स्टुडिओत खुंटीला कोट टांगलेला असायचा. माझ्या लग्नाच्या फोटोतला कोट त्याच खुंटीवरचा. तेव्हा कुणी विचारलं का, कोट तुमचा की स्टुडिओचा?” यावर मी म्हणालो की त्या कोटाने कुणी फसत नसे. तो स्टुडिओचा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे, मुलीकडच्यांनाही. त्यांच्या मुलाचा फोटोही त्याच कोटात निघालेला असे. हा शर्ट मात्र एक विधान करतो. अण्णांना हे पटले नाही, आणि आमची चांगलीच जुंपली.

मुलगा आमच्या तोंडांकडे पाहत होता. जरा वेळाने म्हणाला, “काका, काम तर आमी दोघं एकाच लायनीवर करतो. तो डाव्या बाजूचं चाक बसवतो, मी उजव्या बाजूचं.”

याला तिघांपैकी कुणाजवळही उत्तर नव्हते. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. “कापड मिळेल,” ते म्हणाले, “शिवीनही. खिशावरचं नाव मात्र माझ्याजवळ नाही. ते नसलं तर शर्टाला अर्थ नाही. अन् ते मी काढून घालणार नाही.” मग त्यांनी टेप उचलला आणि त्याच्या कमरेला लावला. “काय रे, तुमच्याकडे पाऊस कसा आहे यंदा?”

मुलगा पावसाचे सांगू लागला. माप झाले. रंग कोणता, असे विचारल्यावर त्याने पुष्कळ वेळ विचार केला आणि म्हणाला, “पांढराच शिवा.” मग आमच्या मंडळींना चेव आला. नानांनी कॉलरीची टोके किती मिलिमीटर ते ठरवले. अण्णांनी बटणे शिंपल्याची घ्यावयास लावली. पॉपलीन धुतल्यावर आटते, तेव्हा आधी रात्रभर पाण्यात घालून मगच कापावे, असे मी सांगितले. मास्तर ते नेहमीच करतात, पण त्या दिवशी त्यांनी मला सांगू दिले. शिलाई त्यांनी पूर्ण घेतली. “उधारीचा शर्ट अंगाला नीट बसत नाही,” हे त्यांचे नेहमीचे म्हणणे. फोटो त्याच शर्टात निघाला. स्थळाचे पुढे काय झाले ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

यंदाच्या खंडेनवमीला तो शर्ट घालूनच तो कामावर गेला, एवढे मात्र त्याने मास्तरांना सांगितले. खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्रांची पूजा असते. यंत्रे पुसूनपासून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, नारळ फुटतो, पेढे वाटतात, आणि त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी गणवेशाची सक्ती नसते. मग काय विचारता! फेटे, सलवार-कुडते, जाकिटे. वर्षभर राखी रंगात दडपलेली हौस एका दिवसात बाहेर पडते. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कंत्राटी माणसे पुष्कळ झाली होती. एरवी मी रंग पाहूनच कुणाला कुठल्या रजिस्टराकडे पाठवावयाचे ते ठरवीत असे. खंडेनवमीला मात्र रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाई, कारण त्या दिवशी मला प्रत्येकाला थांबवून त्याचा बिल्ला वाचावा लागे.